जनाबाईंचे जाते : प्रारब्ध, प्रार्थना आणि दुःख

गोदावरीच्या तीरावरील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. परभणी जिल्ह्यातील या क्षेत्री येणारा भाविक गोदास्नान करून जनाबाईंच्या चरणी माथा टेकतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एखादे मागणे असते. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाचे पीक हातचे गेलेले असते, तर कोणी अपत्यवियोगाने खचलेला असतो. परमेश्वर दयाळू आणि सर्वसमर्थ असताना हे दुःख का? आणि सारे पूर्वकर्मानुसारच घडणार असेल, तर प्रार्थना कशासाठी? हे प्रश्न अश्रद्धेचे लक्षण नव्हेत.

आपल्या शास्त्रकारांनीही ते टाळलेले नाहीत. ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरतो की काय, या शंकेचा विचार ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे. त्यावरील भाष्यात आद्य शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टांत देतात. पाऊस सर्व बीजांना सारखाच साहाय्य करतो. साळ उगवेल की जव, हे मात्र बीजावर अवलंबून असते. ईश्वर पर्जन्यासारखा आणि जीवाचे कर्म बीजासारखे होय.

हा दृष्टांत बुद्धीला पटतो; परंतु मराठवाड्याने पाऊसच न आलेली वर्षेही पाहिली आहेत. १९७२ च्या दुष्काळात शिवारे करपली आणि स्वतःची जमीन असलेले शेतकरीही खडी फोडण्याच्या कामावर गेले. अशा माणसाला ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ असे ऐकवणे म्हणजे धर्म सांगणे नव्हे. कोणाचे कोणते दुःख कोणत्या जन्मीच्या कर्मातून आले, हे पाहण्याची दृष्टी कोणा मनुष्यापाशी आहे? कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. आज कोणते बीज पेरावे, हे आपल्या हाती आहे, एवढे तो शिकवतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व उपदेश झाल्यावर भगवंतही अर्जुनाला पूर्ण विचार करून स्वेच्छेने वागण्यास सांगतात.

जनाबाईंच्या चरित्रात या तत्त्वाचा प्रत्यय येतो. वडील दमा यांनी त्यांना बालपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी ठेवले, असे परंपरा सांगते. दळण, कांडण, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे हे जीवन त्यांनी निवडलेले नव्हते. मात्र जाते फिरवताना मुखी काय असावे, हे त्यांनी ठरवले. नामदेव गाथेत त्यांच्या नावाचे तीनशेहून अधिक अभंग आढळतात.

जनीसह विठ्ठल दळू लागला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. या कथेत देवाने दळण नाहीसे केले नाही; तो जात्याशी बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. जनाबाईंवर चोरीचा आळ आला असता सुळाचे पाणी झाले, अशीही कथा आहे. तेथे संकट टळले, येथे कष्ट राहिले. भक्ती मात्र एकच होती. म्हणून ज्याचा नवस फळला नाही, ज्या मातेचे मूल वाचले नाही, तिची श्रद्धा उणी होती असे कोणीही म्हणू नये. मागणे मागावे, अवश्य मागावे. पण प्रार्थना हा सौदा नव्हे. आपण एकटे दळत नाही, ही जाणीव तिच्यातून लाभते. दुःख का आले याचे पूर्ण उत्तर त्या जाणिवेत नसेल, तरी ते सोसण्याचे आणि शक्य तेथे दूर करण्याचे बळ तिच्यात आहे.

आणि देवाचा तो दुसरा हात अनेकदा माणसाच्याच रूपाने येतो. तीर्थक्षेत्री अन्नदान करणारा दाता, रुग्णाच्या उशाशी बसणारा शेजारी, कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याची विचारपूस करणारा गावकरी, हे सर्व जात्याचा खुंटा धरणारेच होत. आपल्या दानाने आपले प्रारब्ध किती फिटेल, याचा हिशेब न मांडता दुसऱ्याचे दळण किती हलके होईल, याचा विचार भाविकांनी करावा.

संत जनाबाईंच्या कृपेने सर्वांना ही सद्बुद्धी लाभो, हीच श्री पांडुरंगचरणी प्रार्थना.