एक थेंब म्हणजे किती?

मराठी स्वयंपाकघरात 'अंदाजानं' या शब्दाला जो मान आहे, तो आमच्या बँकेत ताळेबंदालाही नाही. 'मीठ किती घातलंत हो?' असं विचारावं, तर उत्तर ठरलेलं : 'अंदाजानं!' वास्तविक आमचं भाईंदर हे मिठागरांचं गाव. मिठागरातून गोणी निघते ती तोलून. पण तेच मीठ घराचा उंबरठा ओलांडून आत आलं, की चिमटीच्या राज्यात शिरतं. माझी त्यावर तक्रार नाही. आमटी खारट झालीच, तर फार तर एक बटाटा आणि एक नवरा कामी येतो.

प्रश्न आला तो तेलाचा. आमच्या सौभाग्यवती गुडघेदुखीवर घरीच तेल करतात. तिळाच्या तेलात निलगिरीचं तेल, लवंगेचं तेल, कापूर आणि गंधपुरा, म्हणजे दुकानदार ज्याला विंटरग्रीन म्हणतात ते. सोसायटीतले निम्मे गुडघे या तेलावर जिने चढतात. लिफ्ट बंद पडली की उरलेले निम्मेही बाटली घेऊन दारात उभे. एकदा प्रमाण विचारलं, तर म्हणाली, "निलगिरी दहा थेंब, गंधपुरा सहा. आणि तळमजल्यावरच्या काकांचा गुडघा बिचारा फारच दुखतो, म्हणून त्यांच्या बाटलीत दोन थेंब वर."

हे वरचे दोन थेंब माझ्या बी.कॉम. डोक्यात अडकले. ते टाकायचे कोणत्या खात्यावर?

थेंब हे मोठं बेभरवशाचं चलन आहे. एका मिलिलिटरला वीस थेंब, हा भाव पाण्याचा. तेलाला तो लागू नाही. नळीचं तोंड रुंद असेल तर थेंब लठ्ठ, निमुळतं असेल तर किरकोळ. बरं, मिलिलिटरनं मोजावं, तर दहा मिलिलिटर निलगिरी भरते सुमारे नऊ ग्रॅम आणि तेवढाच गंधपुरा भरतो जवळजवळ बारा ग्रॅम. शिवाय तेल उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं. ग्रॅम मात्र मे महिन्यातही ग्रॅमच. म्हणून सोनाराकडे असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा मी घरी आणला.

"अहो, माझ्या आजीनं कुठं काटा वापरला होता?"

आजीनं नसेल, पण आजीच्या वैद्यांनी वापरला होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा हिस्सा ते ओळखत होते. 'गुंजभर' हा नुसता वाक्प्रचार नव्हता. गुंजेची लाल बी खरीच पारड्यात पडत असे.

पण खरा मुद्दा परंपरेचा नाही, नीतीचा आहे. मायेनं घातलेला जास्तीचा थेंब, हे दान की आगाऊपणा? भाजीवाली वर दोन काड्या कोथिंबीर टाकते, ती वांगी तोलून झाल्यावर. आधी माप, मग माया. शिवाय कोथिंबीर पुन्हा उचलून ठेवता येते. मुरलेलं तेल गुडघ्यातून परत काढता येत नाही. गंधपुरा हा ॲस्पिरिनच्या गोत्रातला. चहाचा एक चमचा गंधपुरा म्हणजे ॲस्पिरिनच्या विसाहून जास्त गोळ्या; लहान मुलाच्या पोटात गेला, तर जिवावर बेततं. काकांना तर रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू. गंधपुरा कातडीतून मुरतो आणि या गोळीच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढवतो. म्हणजे जिथं माया सगळ्यांत जास्त, तिथंच ते दोन थेंब सगळ्यांत महाग.

डॉक्टरांनी काकांना विचारलं, "यात काय काय आहे?" तेव्हा 'प्रेम' हे उत्तर चालत नाही. अंदाज करणाऱ्याच्या हातातच राहतो. तो दुसऱ्याला सांगता येत नाही, तपासता येत नाही. वजन चिठ्ठीवर लिहिता येतं. माझ्या मते तोलण्यातली नीती एवढीच आहे : माझी चूक दुसऱ्याला पकडता यावी, एवढी सोय मी ठेवली पाहिजे. ज्याचा भुर्दंड आपल्याच जिभेला, तिथं खुशाल अंदाज करावा. ज्याचा भुर्दंड दुसऱ्याच्या अंगाला, तिथं काटा काढावा.

हे भाषण मी घरात बरंच लांबवलं. तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती. काकांच्या चिठ्ठीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गंधपुरा : ०.०० ग्रॅम'. शून्यसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत! इतका चोख हिशेब आमच्या शाखेतही कुणी लिहीत नाही.

आणि वरचे दोन थेंब? त्यांच्याऐवजी ती आता संध्याकाळी तळमजल्यावर जाते आणि काकांचा गुडघा शेकून येते. किती वेळ, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अंदाजानं."