अतिथीची तिथि

आपल्या भाषेंत ‘अतिथि’ हा शब्द इतका रुळलेला आहे कीं, त्याच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची तसदी आपण घेत नाहीं. ज्याच्या येण्याला तिथि नेमलेली नाहीं तो अतिथि, अशी त्याची जुनी व्युत्पत्ति सांगतात. तो केव्हां येईल हें यजमानास ठाऊक नसतें, आणि केव्हां जाईल हें विचारण्याची रीत नाहीं. तैत्तिरीयोपनिषदानें तर त्याला माता, पिता व आचार्य यांच्या पंक्तीस बसवून देवासमान मानण्यास सांगितलें. आधुनिक राष्ट्रांनीं मात्र या शब्दाचें पहिलें अक्षर पुसून टाकलें आहे. परक्या देशांत पाऊल टाकणाऱ्याच्या पारपत्रावर शिक्का बसतो, व त्याबरोबर त्याच्या जाण्याची तारीखहि ठरते. व्हिसा म्हणजे अतिथीच्या गळ्यांत बांधलेली तिथि होय.

यांत वावगें कांहीं नाहीं. राष्ट्र म्हणजे धर्मशाळा नव्हे. कोण आला, कशासाठीं आला व किती दिवस राहणार, हें विचारण्याचा अधिकार घरधन्यास असतोच. परंतु नेमलेली तिथि उलटली, आणि त्याच वेळीं घरधन्यानेंच दाराला कुलूप घातलें, तर मुक्काम लांबल्याचा दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? आणि रोगाच्या भयानें दाराशीं आलेल्यास परत लावणें न्याय्य असेल, तर तें कोठपर्यंत? २०२० सालच्या महामारीनें हे दोन प्रश्न साऱ्या जगापुढें टाकले. महामारी ओसरली, प्रश्न ओसरले नाहींत.

मला हे प्रश्न पुस्तकांतून सुचले नाहींत. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत दरेकसा नांवाचें लहानसें स्टेशन आहे. मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राच्या हद्दींतलें तें शेवटचें. पुढें डोंगर, बोगदा, आणि मग छत्तीसगड. रात्रीच्या गाडीनें जाणारा प्रवासी येथें झोपेंत राज्य ओलांडतो व त्याच्या कुशीचें वळणहि बदलत नाहीं. आमच्या बाजूच्या लोकांच्या सोयरिकी या डोंगराच्या दोन्ही अंगांना आहेत. सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, एवढाच तिचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. २०२० च्या उन्हाळ्यांत त्या रेघेला प्रथमच दार फुटलें, व तें आम्हीच बंद करूं लागलों. त्याविषयीं पुढें येईलच.

आधीं परदेशीयांची हकीकत पाहूं. ११ मार्च २०२० रोजीं भारत सरकारनें, कांहीं अपवाद वगळून, परकीयांचे व्हिसे तहकूब केल्याचें जाहीर केलें. २२ मार्चपासून परदेशच्या विमानांची ये-जा थांबली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्यापूर्वीं आलेल्या व एप्रिलांत ज्याची मुदत सरत होती अशा प्रवाशाची स्थिति आतां डोळ्यांपुढें आणा. कायदा त्याला ‘नीघ’ म्हणत होता, व कायदाच त्याला ‘हलूं नको’ म्हणत होता. दोन्ही आज्ञा एकाच धन्याच्या, आणि दोन्ही पाळणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें. तेव्हां लागू असलेल्या १९४६ च्या कायद्याप्रमाणें (२०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली) मुदतीबाहेर राहणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊं शकत असे. सरकारलाहि हा पेंच उमगला, आणि अडकलेल्यांच्या मुदती विनाशुल्क वाढविण्यांत आल्या. तो क्रम २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत चालला. जें करणें शक्यच नाहीं तें न केल्याचा दोष लागत नाहीं, हें नीतिशास्त्रांतलें आद्य तत्त्व येथें राज्यकारभारानें मान्य केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु हें तत्त्व सर्वांस सारखें लागू झालें काय? त्याच महिन्यांत दिल्लीच्या निजामुद्दीन भागांतील तबलीगी जमातीच्या मेळाव्यास जाऊन आलेल्या कित्येक परदेशीयांवर ठिकठिकाणीं खटले भरले गेले. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया वगैरे देशांतून आलेल्या एकोणतीस जणांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचा व रोग पसरविल्याचा आरोप आला. इतकेंच नव्हे, तर टाळेबंदींत त्यांना मशिदींत आसरा देणारे विश्वस्तहि आरोपी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २१ ऑगस्ट २०२० रोजीं ते सारे खटले रद्द केले. प्रवासी व्हिसावर आलेल्या मनुष्यास प्रार्थनास्थळीं जाण्याची व नित्याच्या धार्मिक कार्यांत बसण्याची मनाई नव्हती, हें न्यायालयानें दाखविलें. संकटकाळीं राज्याला कोणी तरी बळीचा बकरा लागतो व येथें या परदेशीयांची निवड झाली असावी, असेंहि त्यानें म्हटलें. आणि अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेची आठवण करून दिली. निकालांतील कांहीं निरीक्षणांशीं दुसऱ्या न्यायमूर्तींनीं आपला मतभेद नोंदविला. पण खटले रद्द करण्याविषयीं दोघांचें एकमत होतें. पुढल्याच महिन्यांत नागपूर खंडपीठानें म्यानमारच्या आठ नागरिकांवरील खटलाहि रद्द केला. त्यांनीं धर्मप्रसार केला वा रोग फैलावला, याला पुरावाच नव्हता.

येथें कोणी म्हणेल, ‘मेळाव्यांत रोगी सांपडले ही गोष्ट खरी ना? मग भयाला आधार नव्हता असें कसें म्हणतां?’ आक्षेप रास्त आहे. भय खोटें नव्हतें, आणि गर्दीनें रोग वाढतो हेंहि खोटें नव्हतें. परंतु दोष ठरवितांना काळाचा हिशोब सोडून चालत नाहीं. दरेकशाजवळच्या डोंगरांत कचारगडची मोठी गुहा आहे. माघी पौर्णिमेला तेथें मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा दूरदूरच्या मुलुखांतून गोंड समाजाचे लोक हजारोंनीं येतात. २०२० सालीं ती पौर्णिमा ९ फेब्रुवारीस होती. केरळांत रोगाचे पहिले रोगी तत्पूर्वींच आढळले होते. यात्रा निर्विघ्न झाली. आणि ती पांच-सहा आठवडे पुढें पडती, तर त्या भाविकांच्या कपाळीं कोणता शिक्का बसला असता, हें सांगण्यास ज्योतिषी नको. ज्या कृत्याचा दोष केवळ पंचांगावरून ठरतो, त्याला अपराध म्हणावें कीं दैव, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

भयानें केलेले कायदे आपणांस नवे नाहींत. २०२० सालीं ज्या कायद्याच्या आधारें कित्येक हुकूम निघाले, तो साथीच्या रोगांचा कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यांतील प्लेगच्या दिवसांतला. मूळचीं त्याचीं कलमें अवघीं चार. एकांत त्याचें नांव, दुसऱ्यांत सरकारास अधिकार, तिसऱ्यांत हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा, आणि चवथ्यांत हुकूम अंमलांत आणणाऱ्यास संरक्षण. ज्याला कोंडावयाचें त्याला काय द्यावयाचें, याविषयीं एकहि कलम नाहीं. त्याच वर्षीं व्हेनिस येथें युरोपांतील राष्ट्रांची परिषद भरली व मुंबईहून निघणाऱ्या जहाजांना आणि यात्रेकरूंना कसें अडवावें याचा खल झाला. अर्थात् त्या वेळीं जगाच्या दाराशीं संशयित म्हणून आपणच उभे होतों. आपल्या घराची झडती झाली तेव्हां आपण संतापलों, आणि तो संताप इतिहासांत गौरवानें नमूद आहे. दुसऱ्याची झडती होते तेव्हां तीच गोष्ट आपणांस व्यवस्था वाटते.

मग राज्यानें दार लावूंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. या विषयावर कांटनें १७९५ सालीं चिरशांतीवरील आपल्या निबंधांत जी मर्यादा घातली, तीहून नेमकी मर्यादा मला सांपडलेली नाहीं. हा तत्त्वज्ञ आपल्या गांवापासून फारसा दूर कधीं गेला नाहीं. पण परक्याचा हक्क त्याला फिरस्त्यांहून चांगला कळला. पृथ्वी गोल व मर्यादित आहे, माणसें एकमेकांपासून अनंत अंतरावर पांगूं शकत नाहींत; म्हणून शांतपणें वागणाऱ्या परक्याला शत्रूप्रमाणें न वागविलें जाण्याचा हक्क आहे, असें तो म्हणतो. हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न होय. यजमान त्याला परत लावूं शकतो. मात्र तसें केल्यानें त्याचा नाश होतां कामा नये. सारें मर्म या शेवटच्या अटींत आहे. रोग्यास वेगळें ठेवणें निराळें आणि त्याला टाकणें निराळें. दूर ठेवणारा मनुष्य त्याच्या अन्नाची, निवाऱ्याची व परतीच्या वाटेची जबाबदारी स्वीकारतो. टाकणारा फक्त आपल्या भयाचें समाधान करतो. दोघांच्या हातांत कुलूप एकच असतें; किल्लीची काळजी एकालाच असते.

इतकें लिहून थांबतों, तर हा निबंध एका प्राध्यापकाचें निर्दोष व्याख्यान ठरला असता. परंतु त्या उन्हाळ्यांतील माझ्या घरच्या दोन गोष्टी सांगितल्यावांचून माझें लिहिणें खरें होणार नाहीं.

माझा भाचा अमेरिकेंत नोकरीस असे. तो व त्याची पत्नी भारताचे नागरिक. दोन वर्षांची मुलगी तेथें जन्मली म्हणून अमेरिकेची नागरिक. तिच्यापाशीं मूळ भारतीयांस मिळणारें कार्ड होतें, पण त्या कार्डावर व्हिसावांचून येण्याची सवलत मार्चमध्येंच तहकूब झाली होती. मे महिन्याच्या आरंभीं परदेशीं अडकलेल्यांस आणण्यासाठीं विमानें सुटलीं. त्यांत आईबापांस जागा होती, लेकीस नव्हती. माझे मेहुणे याच दिवसांत वारले. २२ मे रोजीं अशा मुलांसाठीं नियम सैल झाला. तोंवर तेराव्याचाहि दिवस उलटून गेला होता. टेलिफोनवर भाचा म्हणाला, “मामा, हिनें कोणाचं काय केलं?” मी नियम करणारांवर संतापलों. माणसाचें काळीज नसलेल्या कागदांविषयीं मीं त्याला बरेंच कांहीं ऐकविलें.

आणि त्याआधीं, एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यांत, मी कोठें होतों? दरेकशाच्या बाजूच्या माझ्या मूळ गांवीं. गांवच्या तोंडाशीं लोकांनीं बांबू आडवे बांधले होते. मोहफुलें वेचून झालीं होतीं, ऊन तापलें होतें. नागपूरकडून चालत आलेलें एक कुटुंब दुपारीं बांबूपलीकडे येऊन थांबलें. नवरा, बायको, कडेवर पोर. डोंगरगडच्या पलीकडे त्यांचें गांव. रात्रीपुरती शाळेच्या ओसरीवर जागा मागत होतीं. एक म्हातारा शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, उघडायचं का?” मी म्हणालों, “नियम आहे, काका.” आम्ही पाण्याचा गुंड बांबूखालून सरकविला, आणि रुळांच्या कडेकडेनें गेल्यास वाट चुकणार नाहीं असें त्यांना सांगितलें. तीं गेलीं.

नियम होता, हें खरें. लोकांनीं राज्याच्या सीमा ओलांडूं नयेत असा तो होता. पण त्याच नियमाच्या दुसऱ्या अंगीं, वाटेंत अडकलेल्या मजुरांना निवारा व अन्न द्यावें, असा केंद्र सरकारचा २९ मार्चचा हुकूमहि होता. तो मीं वर्तमानपत्रांत वाचला होता. नियमाचा जो अर्धा भाग माझ्या भयाला सोयीचा, तो मला आठवला. जो अर्धा गैरसोयीचा, तो आठवला नाहीं. ८ मे रोजीं करमाडजवळ रुळांवर झोंपलेले मध्यप्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ती बातमी वाचतांना मला आमच्या बांबूपाशीं दाखविलेली वाट आठवली. तें कुटुंब घरीं पोंचलें कीं नाहीं, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

भाच्याच्या मुलीला विमानांत न घेणारा नियम मला क्रूर वाटला, आणि बांबू न उघडणारा नियम शहाणपणाचा वाटला. दोहोंत फरक इतकाच कीं, पहिल्या वेळीं मी दाराबाहेर होतों व दुसऱ्या वेळीं दाराआंत. म्हणून मला वाटतें, परकीयाच्या प्रश्नाची खरी कसोटी एकच आहे: जो नियम आपण लावतों, तो आपल्या लेकरास दाराबाहेर उभें करून पुन्हां वाचावा. त्यानंतरहि तो टिकला, तर तो जरूर पाळावा. कारण टिकणारे नियमहि असतात, व साथींत ते प्राण वांचवितात. न टिकला, तर तो नियम नव्हे, तें आपलें भय आहे, आणि त्यानें फक्त सरकारी कागदाचा अंगरखा घातलेला आहे.

कचारगडच्या गुहेविषयीं गोंड परंपरेंत एक कथा आहे. द्वाड मुलें गुहेंत कोंडून तोंडाशीं प्रचंड शिळा लावण्यांत आली. पुढें ती शिळा हलली व मुलें बाहेर आलीं. पण त्यांना सोडविण्यास आलेला किंगरी वाजविणारा हिरासुका त्या शिळेखालीं सांपडून मेला, असें सांगतात. दार लावण्यास बळ पुरतें; तें उघडणाऱ्यास मात्र आपलें कांहीं तरी द्यावें लागतें. त्या दुपारीं मजकडे फार मोठें कांहीं मागितलेलें नव्हतें. एका ओसरीची एक रात्र, आणि तिची तिथिहि दुसऱ्या दिवशीं पहांटे संपणार होती.