धावणे किती हळू असू शकते?

भालकी तालुक्यातील एका शाळेच्या क्रीडादिनी मी पाहुणा होतो. लांबच्या शर्यतीत पहिले तिघे आले आणि फीत गुंडाळली गेली. एक मुलगा अजून अर्धी फेरी मागे होता. "आता चालत ये रे!" कोणीतरी ओरडले. तो म्हणाला, "मी पळतोच आहे की!"

त्याचे म्हणणे खरे होते काय? धावताना क्षणभर दोन्ही पाय जमीन सोडतात, चालताना सोडत नाहीत, असे साधारणपणे मानतात. परंतु वृद्ध किंवा थकलेला मनुष्य पळतानाही पाय घाशीतच जातो. फौजा सिंग यांनी 2011 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, टोरंटोची 42 किलोमीटरची मॅरेथॉन 8 तास 11 मिनिटांत पुरी केली. (जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकाने नोंद घेतली नाही, ती गोष्ट निराळी.) म्हणजे ताशी पाच किलोमीटर, एवढे तर बाजाराला निघालेली बाई चालते! तरी जग त्यांना धावपटूच म्हणाले. योहानाच्या 20व्या अध्यायात पेत्र कबरेकडे जाताना मागे पडतो, पण दोघेही धावत होते असेच शास्त्र सांगते.

घड्याळ वेग सांगते. मनुष्य पळतो आहे की नाही, हे त्याने आपले किती बळ लावले यावरून ठरावे, असे मला वाटते. मग ते पाहायला कोणी उभे राहायला नको काय?

तो मुलगा पोहोचला तेव्हा चुन्याची रेघ पायांखाली पुसून गेली होती. मी चहा घेत होतो. कोठे थांबावे हे न कळून तो आणखी थोडा पळाला.