यशानंतरची वाट

निकालाचे दिवस आले की नांदेड आणि लातूर या शहरांच्या चौकाचौकांत यशवंतांची छायाचित्रे झळकू लागतात. एके काळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीने गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गुणांनी ओळखला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकराने मिळवलेले हे यश आम्ही मुळीच कमी लेखत नाही. त्यामागे एका कुटुंबाची अनेक वर्षांची काटकसर असते. परंतु यश मिळाले म्हणजे माणसाची वाढ पूर्ण झाली का?

लूककृत शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याचा दाखला आपण जाणतो. जमीन भरभरून पिकली, हा काही त्याचा दोष नव्हे. पीक साठवायचे कोठे, हा प्रश्न त्याला पडला; ते कोणासाठी, हा मात्र पडला नाही. त्याने कोठारे वाढवण्याचा बेत केला, स्वतः वाढण्याचा केला नाही.

याउलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९३२ साली संन्यास घेतलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. सप्टेंबर १९४८ मध्ये तो लढा यशस्वी झाला. पुढे १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. यानंतर त्यांनी विश्रांती घेतली असती, तरी कोणी बोल लावला नसता. परंतु १९६७ साली, वयाच्या चौसष्टीच्या सुमारास, त्यांनी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासमवेत मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्थापन केली. राजसत्तेशी झुंजलेला नेता गावातल्या विणकराच्या पोटापाण्याचा विचार करू लागला. आज समितीच्या उदगीर केंद्रात विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडला तयार होतात. आणि नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील मुले स्वामीजींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाची पदवी घेतात.

अनेक नगरांत ख्रिस्तसभा स्थापन केल्यावरही संत पौल बंदिवासातून फिलिप्पैकरांना कळवतो, की आपण ध्येयाप्रत अद्याप पोहोचलेलो नाही. ही नम्रता हेच वाढीचे लक्षण होय.

डॉक्टर झालेल्या आपल्या मुलाने रोग्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्याच्या शिकवणीसाठी ज्या बहिणीची शाळा सुटली, तिचे ऋण त्याने ओळखावे. या परीक्षांचा निकाल कोणत्याही फलकावर लागत नाही. त्या आयुष्यभर द्याव्या लागतात. म्हणून निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटावेत; परंतु त्याच दिवशी लेकराला जवळ बसवून विचारावे, “बाळा, हे यश कोणाच्या उपयोगी पडेल?”