कलम सतरा आणि चौथा सिलिंडर

जुन्या मोटारीचे दुखणे नक्की कशात आहे ते शोधावे की शोधू नये, हा प्रश्न वरवर गॅरेजातला वाटतो. खरे म्हणजे तो नीतिशास्त्राचा आहे; आणि नीतिशास्त्र आम्हाला बी. कॉम.ला नव्हते. मर्कंटाइल लॉ होता. तेव्हा पाप-पुण्याचे जे काही असेल ते आम्हाला तेवढ्यावरच भागवावे लागते.

गाडीचे नाव सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आजाराचा बोभाटा करू नये. कार्बोरेटरच्या जमान्यातली, चार सिलिंडरची आहे, एवढे पुरे. तिच्या मीटरला आकडे पाचच. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. आमचा दोनदा शून्यावर येऊन गेला. मीटरच्या हिशेबाने गाडी सध्या तिसऱ्या तारुण्यात आहे.

पावसाळ्यापासून ती मिसिंग मारू लागली आणि मागून धूर यायला लागला. पोटाचे आणि मोटारीचे दुखणे, यांवर या देशात फुकट सल्ला मिळतो. कोणी प्लग म्हणाले, कोणी कार्बोरेटरमधला कचरा. धुराचे शास्त्र तसे सोपे आहे : काळा असेल तर पेट्रोल जास्त जातेय, दाट पांढरा असेल आणि थांबतच नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतेय, निळा असेल तर गाडी ऑइल खातेय. आमचा निळा होता. पण संध्याकाळच्या उजेडात तो पांढरा म्हणूनही खपत होता आणि मी तो खपवत होतो.

हिशेबाच्या वहीत बरे असते. ताळा जुळला नाही की फरकाला नऊने भागून पाहायचे. भाग गेला तर कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव. तसे नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. जमेची रक्कम नावे पडलेली सापडते. चूक एक, जागा एक. जुन्या इंजिनात सगळेच थोडेथोडे झिजलेले असते. प्रत्येक भाग शपथेवर सांगू शकेल, की माझ्या एकट्यामुळे काही गाडी बंद पडलेली नाही.

आमच्या मिस्त्रीने मात्र सोडले नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून आधी त्याने नाडी पाहिली. मग चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. वायर काढल्यावर इंजिन अडखळले, तर तो सिलिंडर कामाचा. काढली तरी इंजिनाला पत्ता नसेल, तर तो नुसताच मस्टरवर सही करणारा. (ही परीक्षा आमच्या शाखेत घेण्यात येऊ नये, अशी नम्र विनंती आहे.) सापडला तो चौथा. कॉम्प्रेशन मोजले : तिघांचे १२० पौंडांच्या आसपास, याचे ७०. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून त्याने पुन्हा मोजले. आकडा शंभराच्या वर चढला. व्हॉल्व्हचा दोष असता तर ऑइलने काही फरक पडला नसता. म्हणजे रिंगा गेल्या.

"साहेब, इंजिन खोलावं लागेल." खर्च गाडीच्या किमतीच्या निम्मा.

"आणि नाही खोललं तर?"

"जाड ऑइल टाकून देतो. महिनाभर धूर दिसत नाय. तेवढ्यात देऊन टाका."

आता पंचाईत पाहा. सकाळपर्यंत मी गिऱ्हाइकाला म्हणू शकत होतो, "जरा मिसिंग आहे, बहुधा प्लग असेल." ते खरे होते, कारण मला खरेच तसे वाटत होते. दुपारी तेच वाक्य खोटे झाले. त्यातली एक वेलांटी बदललेली नाही; मध्ये फक्त एक चमचा ऑइल पडले.

इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ चे कलम १७ काढून पाहिले. त्यात एक घोडा आहे. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. तो लिलावात 'ब'ला घोडा विकतो आणि गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे. मला हायसे वाटले. पण 'ब' ही 'अ'चीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. आणि 'ब' जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन," तर गप्प बसणे हेच बोलणे. शिवाय माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हीही फसवणूकच, म्हणजे जाड ऑइल तिथेच बाद. सगळी मेख 'ठाऊक आहे' या दोन शब्दांत. ज्याने चमचा घातलाच नाही, त्याला कायदाही काही म्हणत नाही. हे मला काही पटत नाही. न तपासणारा आपला झोपतो सुखाने, आणि जागरण मिस्त्रीचे पैसे भरणाऱ्याला.

पहिले गिऱ्हाईक आले ते टायरला लाथ मारून सीट कव्हरे पाहू लागले. एक अक्षर विचारीनात. कायद्याने माझी जीभ मोकळी होती. पण बरोबर त्यांची मुलगी होती, नुकते लायसन्स मिळालेली. गाडी तिच्यासाठीच हवी होती. मुलगी 'अ'ची नाही, 'ब'ची आहे, हे मी मनाशी दोनदा म्हणून पाहिले. मग चौथ्या सिलिंडरचे आकडे सांगून टाकले.

गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. "एवढं आपणहून सांगताय, म्हणजे आणखी बरंच असणार," म्हणाले आणि निघाले. मुलगी फाटकापाशी थांबली. "काका, इंजिन खोलायला किती येतील?" मी आकडा सांगितला. तिने तो हातातल्या मोबाईलवर लिहून घेतला.

मिस्त्रीने दिलेला जाड ऑइलचा डबा डिकीत आहे, सीलबंद. येत्या रविवारी दुसरे गिऱ्हाईक यायचे आहे. त्यांनी फोनवरच विचारले, "इंजिनाचं काही काम नाही ना निघणार?" म्हणजे तिथे तर गप्प बसायचीही सोय राहिली नाही.