पिल्लांवरची मरळ

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक मासा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतो, की जिभेच्या चवीपायी जीव कसा जातो ते मी माशाकडून शिकलो. याच स्कंधावरची मराठी टीका एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पुरी केली. आमच्या घरी चातुर्मासात आई ती पोथी लावायची. माशाचं प्रकरण आलं की ती वाचता वाचता थांबून माझ्याकडे बघायची, कारण विद्रूपा नदीच्या डोहावर मी गळ घेऊन जातो हे तिला ठाऊक होतं.

मी बार्शीटाकळीचा. गळ मला मामांनी शिकवला. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचं तरंगणं, आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. कणकेला रोहू येतो, मृगळ येतो. तरंगणं आधी थरथरतं, मग आडवं होतं, मग एकदम खाली जातं. अवधूताला भेटलेला मासा हाच असणार. भूक लागली, वास आला, तोंड उघडलं, काटा बसला. यात माशाच्या लोभाचा दाखला आहे, आणि तो मला पटतो.

मरळ मात्र या दाखल्यात बसत नाही.

मरळ हा आमच्याकडचा शिकारी मासा. डोकं सापासारखं, अंगावर काळपट पट्टे, आणि कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी जागा. त्यामुळे गढूळ, कोमट, कमी प्राणवायूच्या डबक्यातही ती तग धरते. मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते आणि खाली जाते. शेवाळाच्या कडेला, बेशरमीच्या झुडपांखाली ती दबा धरून असते. आता तिच्यासाठी पोरं आखूड, कडक रॉड आणतात, ब्रेडेड दोरी आणतात आणि रबराचा पोकळ बेडूक आणतात. हा बेडूक मूळचा अमेरिकेतल्या बास माशासाठी बनला. त्याचे दोन्ही काटे पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो शेवाळावरून अडकल्याशिवाय सरकतो. माशानं चावा घेतला की रबर दबतं आणि काटे उघडे पडतात. चावा बसला तरी लगेच ओढायचं नसतं. क्षणभर थांबून, दोरी ताणली की मग जोरात मारायचं. कल्पना सुंदर आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. शेवाळ फुटतं आणि पाणी उसळतं तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो मला आजही येतो.

अडचण पावसाळ्यात येते. मरळीची पिल्लं या दिवसांत निघतात. केशरी-लाल रंगाच्या शेकडो पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि श्वासासाठी वारंवार वर येतो, तेव्हा तेवढ्याच जागी पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली, हातभर अंतरावर, आईबाप पहाऱ्यावर असतात. जाणत्या गळवाल्याला हे चिन्ह लांबूनच कळतं. घोळक्यात बेडूक टाकला की चावा जवळजवळ ठरलेला. आणि हा चावा भुकेचा नसतो. पिल्लांत कोणी घुसलं म्हणून तिनं केलेला तो हल्ला असतो. रोहूला मी कणकेनं फसवतो. या मरळीला मात्र तिच्या पिल्लांच्या जिवाची भीती घालून बाहेर काढायचं असतं.

अकोल्याहून मोटारसायकलवर येणारी पोरं भली आहेत. मासा मारत नाहीत. ओल्या हातानं धरतात, फोटो काढतात, परत सोडतात. ‘काका, आम्ही तर जीव घेतच नाही,’ असं एकानं मला सांगितलं, आणि ते तो मनापासून बोलत होता. या रिवाजामागे मोठं नाव आहे. बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये आपल्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा आणली. त्याआधी स्पर्धेतले मासे मरूनच जात, त्यामुळे ते पाऊल निःसंशय चांगलं होतं. पण बासचा नरसुद्धा घरट्यावर पहारा देतो. तिकडच्या अभ्यासकांनी पाहिलं, की नराला थोड्या वेळासाठी जरी घरट्यावरून उचललं, तरी टपून बसलेले दुसरे मासे अंडी-पिल्लं खाऊन टाकतात. म्हणजे नराला तुम्ही धडधाकट परत सोडलं तरी ज्यांच्यासाठी तो चावला होता ती तोवर गेलेली असतात. मरळीचं वेगळं काय होणार? फोटो निघेपर्यंत घोळक्याभोवती कोण कोण जमतं ते डोहावर बसणाऱ्याला दिसतं.

माशाला दुखतं का, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाखवली. ओठात दाह करणारा पदार्थ टोचल्यावर मासे खाणं सोडून ओठ खडीवर घासत होते. माणसाच्या मेंदूत असतो तसा बाहेरचा थर माशाच्या मेंदूत नाही, म्हणून हे आपल्यासारखं दुखणं नव्हे, असं म्हणणारे जाणकारही आहेत. पण स्वित्झर्लंडनं २००८ च्या नियमांत ठरवून टाकलं, की सोडून देण्याच्या इराद्यानंच मासा धरणं निषिद्ध. खायचा असेल तर धरा, नुसत्या खेळासाठी त्याला ओढाताण नको. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं. खाणारा निर्दोष आणि सोडणारा दोषी! आता वाटतं, त्यांनी प्रश्न बरोबर जागी धरला. धरण्यामागे काय गरज होती, हे ते विचारतात.

हाच प्रश्न मला इथं एका म्हाताऱ्या भोयानं विचारला होता. त्यांचं सगळं आयुष्य काटेपूर्णेच्या काठी जाळं टाकण्यात गेलं. महानचं धरण झालं, त्यात बोटुकली सुटू लागली, तेव्हापासून कटला-रोहूवर त्यांचं घर चाललं. मी रॉड उलगडत होतो. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘मी पोटासाठी धरतो गुरुजी, तुमी कायच्यासाठी धरता?’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग आपणहून म्हणाले, ‘पिल्लावरची मरळ आमी नाई धरत. धरली त पुढच्या साली डोहात काय राहीन?’ पोट भरायला धरणाऱ्यानं आपल्या पोटालाच घालून घेतलेली ही मर्यादा आहे. मी शाळेत मुलांना अहिंसेवर बोलायचो, पण इतकं नेमकं कधी बोललो नव्हतो.

त्यावर कोणी म्हणेल, की पोटासाठी का होईना, हिंसा ती हिंसाच. आमचे एक जैन स्नेही हेच म्हणतात. त्यांच्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेतीत नांगराखाली जीव मरतात ती उद्योगी. पण मासेमारी ते उद्योगीत धरत नाहीत. जीव घेणं हाच तिथं हेतू, म्हणून ती संकल्पीच. त्यांच्या मांडणीची शिस्त मी मानतो, पण भोयाला आणि मला एकाच ओळीत उभं करणं मला मान्य नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात च्यवनाची गोष्ट आहे. गंगा-यमुनेच्या संगमात पाण्याखाली बारा वर्षं व्रतस्थ राहिलेला हा ऋषी कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर वर आला. कोळी घाबरून पाया पडले. च्यवनानं सांगितलं, की जगायचं तर या माशांबरोबर, मरायचं तरी यांच्याबरोबर. माझी योग्य किंमत कोळ्यांना द्या. नहुष राजा हजार देऊ लागला, लाख, कोटी, अर्धं राज्य, तरी पुरेना. अखेर एक गाय दिल्यावर सौदा झाला. कोळ्यांनी पुढे केलेली ती गाय च्यवनानं स्वीकारली आणि त्याच्या आशीर्वादानं कोळी आणि मासे दोघंही स्वर्गाला गेले. मला यातलं मोठं वाटतं ते हे, की ऋषी माशांच्या बाजूनं जाळ्यात बसतो आणि तरीही कोळ्यांना शाप देत नाही. त्यांची मेहनत बुडू नये याची काळजी घेतो. माशाच्या जिवाची किंमत राज्याहून जड आणि जाळं ओढणाराही तिरस्कारास पात्र नाही, हे दोन्ही त्या एकाच गोष्टीत आहे.

पोथीकडे परत येतो. चोवीस गुरूंमध्ये कपोतही आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कपोती धावली, तिच्यामागे कपोत धावला, सगळं घरटं व्याधाच्या हाती लागलं. अवधूत यातून आसक्तीचा धडा घेतो. मग पिल्लांवरची मरळ ही त्या कपोताचीच जात, असं म्हणता येईल. लहानपणी मी आईला विचारलं होतं, ‘आणि त्या व्याधाचं काय झालं?’ आई म्हणाली, ‘काय होते? गेला तो घरी.’ पोथीतही तसंच आहे. आपलं काम झालं म्हणून तो संतुष्ट होऊन घरी जातो, पुढे त्याच्याविषयी शब्द नाही. अवधूताला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तो संन्यासी, कुठल्या मोहात सापडू नये एवढंच त्याला शिकायचं होतं. म्हणून माशाचा, कपोताचा, हत्तीचा, हरणाचा धडा तो सापडणाऱ्याच्या बाजूनं वाचतो. पण मी काठावर उभा आहे. दोरी माझ्या हातात आहे. माशाच्या जिभेचा लोभ मला काय शिकवणार? मला विचारायचं ते हे, की मी त्याच्या भुकेवर गळ टाकतो आहे की त्याच्या मायेवर. भुकेवर टाकलेला गळ हा जगण्याचा जुना व्यवहार आहे. बगळाही तो करतो, मरळही बेडकाशी करते. मायेवर टाकलेला गळ मला अधर्म वाटतो, मग मासा नंतर सोडा नाहीतर खा.

मी गळ सोडलेला नाही. धरतो तो मासा घरी शिजतो, आणि शिजणार नसेल त्या दिवशी काठी बाहेर काढत नाही. काटेपूर्णा अभयारण्याच्या हद्दीत गळ नेत नाही. काट्याच्या टोकामागची उलटी नखी पकडीनं दाबून सपाट करतो, म्हणजे लहान मासा लागलाच तर फाडाफाड न होता सुटतो. पावसाचं नवं पाणी डोहात आलं की मरळीचा बेडूक पेटीत जातो, तो थंडी पडेपर्यंत. पोरांनाही हेच सांगतो. फोटोपेक्षा घोळका बघा म्हणतो, मरळ त्याच्याखाली कशी गोल फिरते ते बघा.

त्यातल्या एकानं मला परवा विचारलं, ‘काका, घोळका दिसलाच नाही आणि मरळ चावली, तर ती भुकेची का मायेची, कळावं कसं?’ मी त्याला सांगितलं, की पाण्यावरून ते कळत नाही, म्हणून तर महिने पाळायचे. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. भाद्रपदात आपण दोघं रॉड न घेता डोहावर बसायचं, असं ठरलं आहे.