१९९ रुपयांचे ब्रश आणि न दिसणारा पारा

सेल लागला की घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो : "याची खरंच गरज होती का?" मिक्सर घेतला तर तो फारसा कुणी विचारत नाही. मोबाइल घेतला तर आधी कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतात. पण पार्सलमधून लिपस्टिक निघाली की हमखास विचारतात. विचारणाऱ्याचे पैसे गेलेले नसतात आणि उत्तर ऐकायला तो थांबतही नाही. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे आणि तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. स्वस्त मेकअप घेणाऱ्या मुलीला 'गरज होती का' विचारून आपण एक मोठा प्रश्न टाळतो : ती जे तोंडाला लावणार आहे त्याची जबाबदारी कुणाची?

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीची. चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. हे सांगावं लागतं, कारण मी नोकरीला पुण्यात आहे आणि पुण्यातही एक उंड्री आहे, टॉवरवाली. ॲपमध्ये पत्ता टाकायला गेलं की ते आधी तीच सुचवतं. आमची उंद्री सोयाबीन-तुरीची. आणि सेलचं वेळापत्रक आमच्याकडे जरा विचित्र बसतं. २०१४ साली ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' केला, तेव्हापासून मोठे सेल नवरात्राच्या आगेमागे येतात. नेमकं तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं. म्हणजे ॲपवर किमती उतरतात तेव्हा घरातला पैसा अजून शेतात उभा असतो.

माझी मामेबहीण उंद्रीतच राहते. बारावीनंतर तिने चिखलीला पार्लरचा कोर्स केला. एरवी आयब्रो आणि फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. गेल्या सेलला तिने मला कार्टचे स्क्रीनशॉट पाठवले : २४ ब्रशचा सेट १९९ रुपयांना, फाउंडेशनच्या तीन शेड, एक चमकीची आयशॅडो पॅलेट आणि एक 'ग्लो' क्रीम. खाली मेसेज : "ताई, तू पाहून तं सांग." आमच्याकडे हिशोब सोयाबीनमध्ये केला की पटकन कळतो. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे किलोला साधारण ४९. ब्रशचा सेट चार किलो सोयाबीनचा झाला. पुण्यातल्या मॉलमध्ये माझ्या मैत्रिणी १,९०० रुपयांचं परदेशी फाउंडेशन घेतात, ते जवळजवळ ३९ किलोचं.

आता हिला 'गरज होती का' विचारायचं? तिच्यासाठी ब्रश म्हणजे सुताराचा रंधा. आणि ती पार्लर चालवत नसती, नुसती आरशासमोर बसून स्वतःसाठी डोळे रंगवणार असती, तरी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला कुठून मिळाला असता? गरज आणि चैन यांतली रेघ कुणीतरी आखतं आणि आखणारा बहुतेक वेळा वापरणारा नसतो. सरकारनेही ती आखली आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर यांच्यावर शून्य कर होता. डबीतलं काजळ करमुक्त होतं, पेन्सिलच्या रूपातलं काजळ करपात्र. लिपस्टिकवर सुरुवातीला २८ टक्के होते, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते १८ झाले. काजळ तेच, डोळा तोच, पण डबीतून बोटाने लावलं तर गरज आणि पेन्सिलने लावलं तर चैन. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हणही आपण ज्याचं अंथरूण छोटं त्यालाच ऐकवतो.

म्हणून मी ते स्क्रीनशॉट 'गरज' या बाजूने पाहिलेच नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले आणि त्या कार्टमध्ये दोन वेगळ्या प्रकारच्या स्वस्त वस्तू दिसल्या.

पहिली वस्तू ब्रश. १९९ रुपयांत २४ ब्रश कसे येतात हे समजायला कठीण नाही. केस नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे, पत्र्याची पातळ टोपी, हलकी दांडी आणि थोडा गोंद. ही स्वस्ताई डोळ्याला दिसते. केस गळतात का, टोक गालाला टोचतं का, एकदा शाम्पूने धुऊन वाळवला की दांडी सुटते का, हे दोन दिवसांत कळतं. माझी बहीण यात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. ती एक स्टारचे रिव्ह्यू आधी वाचते, गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो मोठे करून बघते, पार्सल फोडताना व्हिडिओ काढते आणि पैसे शक्यतो हातात माल आल्यावर देते. २४ पैकी सहा ब्रश कामाचे निघतील, बाकीचे पडून राहतील, हे तिने आधीच धरलेलं होतं.

दुसरी वस्तू क्रीम. तिथे हे सगळे उपाय संपतात.

उंद्रीहून खामगाव आणि खामगावहून अकोला, एवढ्या अंतरावरची गोष्ट. २०२३ साली बातमी आली होती : अकोल्याची, बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. कारण कळेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धागा शोधला. तिघी एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या आणि तपासणीत तिच्यात पारा निघाला. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असंच नोंदवलं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका आजाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजाराआधी अशी क्रीम वापरल्याचं सांगितलं. पाऱ्याचे क्षार त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून चेहरा खरंच उजळतो. पण तो पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. म्हणजे माल 'चालतो' हाच त्याचा पुरावा वाटतो. रिव्ह्यू पाच स्टारचे असतील आणि लिहिणारे खोटं बोलत नसतील.

अकोल्याच्या गोष्टीतल्या दोन बाबी मला सोडत नाहीत. एक म्हणजे त्या घरात विज्ञान शिकणारी मुलगी होती. पाऱ्याला वास येत नाही, क्रीमचा पोत बदलत नाही, पदवी असली तरी डोळ्यांना तो दिसत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. दुसरी बाब अशी की ती क्रीम कुठल्या अनोळखी ॲपवरून आलेली नव्हती. ती स्थानिक ब्युटिशियनकडून घेतली होती. आपण नेहमी म्हणतो, ऑनलाइनवाल्याचा काय भरवसा, बाजारात ओळखीचा माणूस असतो, उद्या त्याला जाब विचारता येतो. पण ओळखीच्या माणसालाही डबीत काय आहे ते माहीत नसेल, तर जाब विचारून उत्तर काय मिळणार?

व्यापाराचा एक जुना नियम आहे : घेणाऱ्याने सावध राहावं. आपल्याकडच्या १९३० च्या माल विक्री कायद्यातलं १६ वं कलम याच तत्त्वापासून सुरू होतं आणि लगेच अपवाद सांगतं. घेणारा जर विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून असेल, तर जबाबदारी विकणाऱ्याकडे सरकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी निर्मात्यावर आणि विक्रेत्यावरही टाकली. यामागचं तत्त्व मला साधं आणि बरोबर वाटतं : ज्याला कळू शकतं, त्याच्याकडे जबाबदारी. ब्रशचे केस माझ्या बहिणीला दिसतात, म्हणून तो ब्रश निवडण्याची जबाबदारी तिची. पारा तिला दिसू शकत नाही, म्हणून तिथे 'तू सावध राहायला हवं होतंस' हे वाक्यच अन्यायाचं आहे.

मग कुणाला कळू शकतं? निर्मात्याला. नियम लागू करणाऱ्या सरकारी खात्याला : २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायच्या वस्तू सोडल्या तर इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भाग याच्यापुढे चालत नाही. आणि ॲप चालवणाऱ्यांना. इथे मी येते. मी सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीत काम करत नाही, पण असे फॉर्म आणि असे पडदे बांधणं हेच माझं काम आहे. विक्रेता माल चढवतो तेव्हा त्याच्यापुढे एक फॉर्म असतो. काही रकाने भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. कोणता रकाना सक्तीचा आणि त्यात लिहिलेलं खरं आहे का हे कोण तपासणार, हे कुणीतरी माणूसच ठरवतो. वेष्टनावरची माहिती, म्हणजे निर्मात्याचं नाव, वजन, कमाल किंमत वगैरे, ऑनलाइनही दाखवणं जानेवारी २०१८ पासून कायद्याने बंधनकारक आहे. बहिणीच्या कार्टमधल्या त्या ग्लो क्रीमच्या पानावर निर्मात्याच्या रकान्यात विक्रेत्याचंच नाव पुन्हा लिहिलेलं होतं आणि फोटोतल्या डबीवर ना परवाना क्रमांक होता ना बॅच क्रमांक. रकाना भरलेला होता आणि माहिती शून्य होती.

पानाच्या वर मात्र घड्याळ उलटं धावत होतं : '१४ मिनिटं शिल्लक'. पान पुन्हा उघडलं, पुन्हा १४. असं घड्याळ लिहायला आम्हाला फार वेळ लागत नाही. ते खऱ्या मुदतीला जोडायचं की नुसतं धावतं ठेवायचं, हा निर्णय कोडच्या एका ओळीत मावतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढली, त्यात 'खोटी घाई' आहेच. मला हे घड्याळ त्या रिकाम्या रकान्याइतकंच गंभीर वाटतं. ज्या गोष्टीचा विचार करायला वेळ हवा तिथला वेळच ते काढून घेतं.

यावर एक आक्षेप येईल : मग घेणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? त्या पॅलेटमधली चमक अभ्रकाची असू शकते. झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात बेकायदा खाणींवर मुलं अभ्रक वेचतात, हे कितीतरी वर्षं छापून येतंय. ते माहीत असून चमकी लावायची? मी हा आक्षेप उडवून लावणार नाही. पण उंद्रीतल्या मुलीने २०० रुपयांच्या पॅलेटमधलं अभ्रक कुठल्या खाणीतलं हे कसं शोधायचं? १,९०० रुपयांचं फाउंडेशन घेणारीलाही ते नीट कळत नाही. ज्याच्या हाती खरेदीची बिलं आहेत त्याला कळू शकतं. महाग वस्तू घेऊन मन साफ होतं असं समजणं म्हणजे सचोटी हीसुद्धा परवडणाऱ्यांचीच चीज आहे, असं म्हणण्यासारखं आहे.

पण हेच तत्त्व पुढे नेलं की ते माझ्या बहिणीपर्यंतही येतं. ती आरशासमोर बसते तेव्हा गिऱ्हाईक असते. नवरीला समोर बसवते तेव्हा जाणकार ती असते, आणि नवरी डोळे मिटून बसलेली असते, अक्षरशः. अकोल्यातली ती ब्युटिशियन याच जागी उभी होती. मी तिला एवढंच सांगितलं : ब्रश घे, फाउंडेशन घे, पण मागे निर्मात्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत लिहिलेलं. बाहेरून आलेलं असेल तर इथल्या आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. ग्लो क्रीम मात्र काढून टाक. ती म्हणाली, "ब्रशचं मी पाहून घेईन. गळले तं वापस करीन. क्रीमचं मले कसं समजणार होतं, ताई?" तिने क्रीम काढली. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही तिने लिहून घेतला.

पुढचा भाग मला सेल संपल्यावर कळला. शेजारच्या गावातून एका लग्नाची चौकशी आली. नवरीच्या आईची अट होती की दीड महिन्यात रंग उजळला पाहिजे. अशी क्रीम देणारा माणूस बहिणीला माहीत आहे. शहरातून येतो, ६० रुपयांना डबी देतो, ती २५० ला सहज जाते. तिने त्याला परवाना क्रमांक विचारला. तो म्हणाला, "वापरून तं पाहा." तिने डबी ठेवून घेतली नाही आणि नवरीच्या आईला सरळ सांगितलं की रंग उजळवायचं काही मी देत नाही, मेकअप चांगला करून देईन. ते लोक दुसऱ्या पार्लरमध्ये गेले. साडेतीन हजारांचं काम गेलं. सोयाबीनच्या भावात सत्तर किलोच्या वर.

तिने योग्य तेच केलं, आणि तिला त्याचं दुःख नाही असंही नाही. मला टोचतो तो हिशोब. निर्मात्याने लेबल खरं लावलं असतं, खात्याने डबी तपासली असती, फॉर्ममधला एक रकाना कुणी खरोखर सक्तीचा केला असता, तर यातल्या कुणालाही साडेतीन हजारांचा खड्डा पडला नसता. तो पडला साखळीतल्या शेवटच्या, सगळ्यात कमी कमावणाऱ्या मुलीला. पुढच्या सेलला तुमच्या घरात कुणाच्या पार्सलमधून लिपस्टिक निघाली, तर 'गरज होती का' विचारण्याआधी ती उलटी करून मागचं बारीक अक्षर एकदा वाचा. आणि माझ्यासारखे जे असे फॉर्म बांधतात, त्यांनी पुढच्या मीटिंगला त्या रकान्याचा विषय काढावा. मी काढणार आहे.